दोन विहिरी आणि चांदीचं पाणी

माय फोनवर कधी रडगाणं गात नाही. पावसानं ओढ दिली तर "ऊन बरं पडलंय" असं सांगते. म्हणून त्या सकाळी ती नुसतं "आज दूध परत आणलं" एवढंच म्हणाली, तेव्हा मी हातातली काचेची कांडी बाजूला ठेवली.

"कावून?" मी विचारलं. पुण्यात इतकी वर्षं काढूनही मायशी बोलताना माझ्या तोंडी 'का' येत नाही.

"आपल्या हिरीत औषिद हाय म्हनत्यात. जनावरं त्येच पानी पित्यात. मग दुधात बी उतरलं आसंल, म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"आता सगळेच म्हनत्यात."

आमचं गाव आष्टीच्या बाजूचं, कोरडवाहू. त्या वर्षी पेरणीपुरताही पाऊस झाला नव्हता. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, कुणी माजलगावकडं, कुणी घाट उतरून पलीकडं. जे मागे राहिले त्यांना दुधाचा आधार होता. जनावरं छावणीत बांधलेली किंवा दारात कडब्याच्या चार पेंढ्यांवर तगवलेली, आणि सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन गावच्या दूध संस्थेपुढं रांग. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. सगळी बौद्ध घरं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, त्यामुळं आम्हाला कोयता हातात घ्यावा लागला नाही. पण दारात म्हैस होतीच, आणि तिचं दूध घालायला माय स्वतः जायची.

पाण्याच्या दोन विहिरी होत्या. वरची गावाची, पाझर तलावाच्या पोटातली, गोड पाण्याची. खालची आमची. दुष्काळात आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं की मचूळ व्हायचं, डाळ शिजता शिजत नसे. त्या आठवड्यात तिच्यात एक रिकामी पिशवी तरंगताना कुणाला तरी दिसली. बियाण्याला पेरणीआधी चोळतात त्या बुरशीनाशकाची पिशवी. कुणी टाकली, वाऱ्यानं आली, की पोरांनी भिरकावली, ते कधीच कळलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की वस्तीच्या विहिरीत विष पडलंय. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या माणसानं वस्तीच्या बायकांच्या किटल्यांची झाकणंही उघडली नाहीत. "उद्यापासनं आणू नका," एवढंच म्हणाला.

योगायोग असा की ते बुरशीनाशक माझ्या रोजच्या ओळखीचं होतं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते, आणि माझा विषयच मुळी असा होता की पाण्यात एखादा पदार्थ अगदी कणभर असला तरी तो उजेडाच्या मदतीनं कसा ओळखायचा. पदार्थावर लेझरचा एकरंगी झोत टाकला तर जवळजवळ सगळा उजेड त्याच रंगाचा परत येतो. पण त्यातला फार थोडा, कोट्यवधी किरणांतला एखादा, रंग किंचित बदलून येतो, आणि तो बदल प्रत्येक पदार्थाचा आपापला असतो. यंत्र त्या बदलांचा आलेख काढतं. आलेखात शिखरं दिसतात, आणि शिखरांच्या जागांवरून पदार्थ ओळखता येतो. अडचण एकच. तो बदललेला उजेड इतका क्षीण असतो की पदार्थ थोडा असला तर काहीच दिसत नाही.

त्यावर उपाय चांदीचा. चांदीचं मीठ पाण्यात विरघळवून उकळायचं, त्यात थेंबथेंब दुसरं एक रसायन सोडायचं. हळूहळू पाणी पिवळसर, गढूळ होतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण तरंगत असतात. त्या पाण्यात नमुना मिसळला की तीच शिखरं लाखो पटींनी उंच होतात. असं का होतं, हा माझ्या प्रबंधाचा गाभा होता. लेझर पडला की कणाच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका तालात हलू लागतात, आणि कणाला लागून उजेडाचा जोर कितीतरी वाढतो. दोन कण एकमेकांच्या अगदी जवळ आले तर त्यांच्यामधल्या फटीत तो सगळ्यात जास्त वाढतो. त्या फटीत सापडलेला रेणू जणू भर उन्हात उभा असतो. दुसरं कारण रसायनाचं. काही रेणू चांदीला नुसते टेकत नाहीत, तिला धरतात, आणि त्या धरण्यानं त्यांचा सिग्नल आणखी वाढतो. त्या बुरशीनाशकात गंधक आहे. गंधक चांदीला कसं धरतं, हे पैंजण काळे पडलेली कुठलीही बाई सांगेल.

माझ्या मार्गदर्शक मॅडम मितभाषी होत्या. माझा आलेख आधीपेक्षा उंच आला की मी हरखून त्यांच्याकडं पळायचे, आणि त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "काय वाढलं? पदार्थ वाढला, की उजेड?" पहिल्या वर्षी मला या प्रश्नाचा राग यायचा.

मायच्या फोननंतर मी मॅडमना सगळं सांगितलं आणि रजा मागितली. त्या म्हणाल्या, "जा. दोन्ही विहिरींचं पाणी आण. एकाचंच आणू नकोस."

गावी पोचले तेव्हा माय अंगणात दही घुसळत होती. नासू नये म्हणून सगळ्या दुधाचं दही लावलेलं, वस्तीतल्या पोरांना रोज ताक. वडिलांनी शाळेतून सुट्टी घेऊन मला दोन्ही विहिरींवर नेलं. आमच्या विहिरीत ते पायऱ्या संपल्यावर दोराच्या साह्यानं खाली उतरले आणि माझ्या स्वच्छ बाटल्या भरून घेतल्या. मग आम्ही वरच्या विहिरीवर गेलो. शेजारच्या टाकीत पाण्याचा टँकर नुकताच रिकामा झाला होता, गर्दी होती. आम्हाला बघून बायका थोड्या मागे सरल्या. एकीनं विचारलं, "आमच्या हिरीचं पानी कशाला तपासायचं?"

वडील म्हणाले, "तपासायचं तर दोन्हीचं तपासावं, बाई." आणि शांतपणे पोहरा सोडला.

परतताना संस्थेचे चेअरमन भेटले. वयस्क गृहस्थ, डोक्याला पागोट्याऐवजी साधा टॉवेल गुंडाळलेला, स्वतःच्या दोन गायी छावणीत. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि त्यांची अडचण सांगितली. गावाचं दूध तालुक्याच्या शीतकरण केंद्रात जायचं. एकदा का केंद्रानं दुधाचा टँकर परत पाठवला की सगळ्या गावाचं दूध बंद. "मला सगळ्या गावाचं बघाया लागतं. तुमी शिकलेली हायसा, तुमाला कळतंय," ते म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "तुमच्या घरचं दूध घ्यायला हरकत न्हाई. तुमची म्हैस घरच्या बोअरचं पाणी पिती, आसं मी लिवून घेतो."

आमच्याकडं बोअर नव्हता. त्यांनाही ते ठाऊक होतं.

घरी येऊन वडिलांनी मायला हे सांगितलं. ती रवी धुवत होती. धुणं थांबवलं नाही. म्हणाली, "माज्या एकटीचं घ्यायचं आसंल तर नगं म्हनावं. घ्यायचं तर समद्यांचं घ्या."

"म्हैस रोज दूध देते, माय. किती दही लावणार?" मी म्हणाले.

"लावीन की. तुज्या लहानपनी लावतच हुते न्हवं?"

वडील तोच निरोप चेअरमनकडं जसाच्या तसा पोचवून आले.

पुण्याला परतले आणि त्याच दिवशी दोन्ही नमुने यंत्राखाली ठेवले. आधी गावच्या विहिरीचं. बुरशीनाशकाच्या मुख्य शिखराच्या जागी जेमतेम एक टेकाड, असून नसल्यासारखं. मग आमच्या विहिरीचं. पडद्यावर शिखर चढत गेलं ते वरच्या कडेला टेकलं.

गाव म्हणत होतं ते खरं निघालं, असाच त्या दोन आलेखांचा अर्थ कुणीही काढला असता. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून म्हणाली, "बाप रे, कसला मस्त सिग्नल आहे." तिला बिचारीला ते पाणी कुठलं हे माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं त्या विहिरीचं पाणी ओढणाऱ्या बायका होत्या. आमची पोरं तेच पाणी प्यायली होती.

मॅडम आल्या. त्यांनी आलेख बघितले, आणि मग आलेख सोडून त्या बाटल्यांकडं बघू लागल्या. ज्या बाटलीत गावचं पाणी मिसळलं होतं तिच्यातली चांदी अजून पिवळसर होती. आमच्या विहिरीचं पाणी मिसळलेली बाटली करडी झाली होती, आणि तळाशी काळपट गाळ बसू लागला होता.

"तुमच्या विहिरीचं पाणी चवीला कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"मचूळ," मी म्हणाले, आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं.

चांदीचे कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगतात. पाण्यात क्षार आले की ते ढकलणं संपतं, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात. गोळे झाले की फटी तयार होतात, आणि फटी झाल्या की सिग्नल चढतो. प्रयोगशाळेत आम्ही मुद्दाम मीठ घालून हेच करायचो. इथं ते काम आमच्या विहिरीनं आपणहून केलं होतं. म्हणजे उंच शिखर औषधाचं असेल किंवा क्षारांचं असेल, आणि नुसत्या आलेखावरून ते सांगता येणार नव्हतं.

पुढचे काही दिवस मी फक्त तेच केलं. शुद्ध पाण्यात त्या बुरशीनाशकाचा ठरावीक, अत्यल्प अंश घातला. शिखर बुटकं आलं. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ घातलं, आणि शिखर उंच झालं. औषध तेवढंच होतं. मग गावच्या पाण्यात क्षार वाढवून दोन्ही विहिरींचं पाणी क्षाराच्या दृष्टीनं सारखं करून घेतलं आणि पुन्हा मोजलं. या वेळी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर कुठलं कुणाचं ते ओळखू येत नव्हतं. औषधाचा अंश दोन्ही विहिरींत होता, आणि सारखाच होता. मग आठवलं, की पेरणीच्या आशेनं बियाणं सगळ्यांनीच चोळून ठेवलं होतं. आणि त्या गोण्या, ती घमेली दोन्ही विहिरींवरच धुतली गेली होती.

मला तेव्हाच गावी फोन करायचा होता. मॅडम म्हणाल्या, "सारखं आहे, एवढं आपल्याला कळलं. ते धोक्याचं आहे का, हे आपलं यंत्र छातीठोक सांगू शकत नाही. चांदीवर अवलंबून नसलेल्या पद्धतीनं तपासून घेऊ." त्यांनी ओळखीच्या एका सरकारमान्य प्रयोगशाळेत दोन्ही नमुने पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. तोवर काही बोलायचं नाही, असं आमचं ठरलं.

पण गावात बोलणं थांबलं नव्हतं. संस्थेच्या बैठकीत वस्तीचं सभासदत्वच काढून टाकावं असा विषय निघणार, असं वडिलांनी कळवलं. मग मॅडमच म्हणाल्या, "जा, आणि जेवढं माहीत आहे तेवढंच सांग."

बैठक संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती, दुधाच्या कॅनांच्या वासात. पुढं गावचे सभासद, मागं भिंतीला लागून आमच्या वस्तीची माणसं, बायका दाराशी. मी यंत्र नेऊ शकत नव्हते. चांदीच्या पाण्याच्या तीन बाटल्या नेल्या होत्या, दोन्ही विहिरींचं पाणी आणि थोडं प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा डोळ्यांनी दिसलेलं बरं, असं मला वाटलं होतं. पहिल्या बाटलीत गावचं पाणी ओतलं. फारसं काही झालं नाही. दुसरीत आमच्या विहिरीचं ओतलं, आणि बघता बघता पिवळं पाणी करडं झालं.

शेडमध्ये कुजबुज उठली. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "आता आजून काय पाह्यजे? रंग पलटला की. इख हाय त्यात."

मी काही बोलायच्या आत आणखी दोघेतिघे बोलू लागले. दाराशी माय उभी होती, ती माझ्याकडं बघत होती. मी चहा करणाऱ्या बाईंना म्हणाले, "काकू, जरा मीठ द्या चिमूटभर."

त्यांनी डबाच आणून दिला. मी तिसऱ्या बाटलीत वाटीभर शुद्ध पाणी ओतलं. पिवळंच राहिलं. मग मीठ टाकून बाटली हलवली. ते पाणीही तसंच करडं झालं.

"यात काय विष हाय?" मी विचारलं. "मीठ तर तुमच्यासमोर घेतलं."

चेअरमन उठून टेबलाजवळ आले. त्यांनी मिठाची आणि आमच्या विहिरीची बाटली शेजारी-शेजारी धरून उजेडात बघितली.

"म्हंजी रंग मिठानं पलटला."

"हो. आमची विहीर मचूळ हाय, ते सगळ्यांना माहीत हाय. चांदी मिठाला भुलती. यंत्रात बी तसंच झालतं. पहिल्यांदा मला बी वाटलं, आमच्याच विहिरीत औषध जास्त हाय. मिठाचा हिशेब काढल्यावर दोन्ही सारख्या निघाल्या."

"दोन्ही?" मघाचाच माणूस म्हणाला. "मंजी आमच्या हिरीत बी हाय?"

"हाय. थोडंसं. दोन्हीकडं तेवढंच. ते धोक्याचं हाय का, ते सरकारमान्य तपासणीच्या कागदावरनं कळंल, तो यायचाय."

मागच्या भिंतीकडून कुणीतरी सावकाश म्हणालं, "मग दूध बंद करायचं तर समद्या गावाचं करा."

चेअरमननी हात वर केला. "आसं घाईनं न्हाई. मोठ्या तपासणीचा कागद यायचाय ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. "तो येस्तोवर सभासद काढायचा विषय न्हाई. आन् दोन्ही हिरींचं पानी जनावरांना पाजायचं न्हाई, टँकरचं पाजायचं. वस्तीवर बी टँकर उभा राहील." आतापर्यंत टँकर वस्तीवर येत नव्हता. आमच्या बायका वर जाऊन सगळ्यांच्या शेवटी भरत असत.

दूध मात्र त्या दिवशीही सुरू झालं नाही. चेअरमनना केंद्राची भीती होती, आणि कागदाशिवाय ते पाऊल टाकायला तयार नव्हते. मी चिडले होते. वस्तीकडं परतताना वडील म्हणाले, "टँकर तर आला. एक-एक होईल."

अहवाल यायला महिना उलटून गेला. तोवर वस्तीतल्या दोन घरांनी जनावरं आष्टीच्या बाजारात विकली आणि ती माणसं उशिरानं ऊसतोडीला निघून गेली. त्यातल्या एका घरची मुलगी माझ्या वर्गात होती. तिचं लेकरू कडेवर आणि भांडी ट्रॅक्टरमध्ये, अशी ती मला मधल्या एका फेरीत गावच्या रस्त्यात दिसली होती. तिला थांब म्हणायला माझ्या हातात काही नव्हतं.

अहवालात आमच्या आलेखांशी जुळणारंच निघालं. अंश दोन्ही विहिरींत, जवळजवळ सारखा, आणि धोक्याच्या मर्यादेच्या बराच खाली. मी तो कागद घेऊन स्वतः गावी गेले. चेअरमननी वाचून घेतला, शीतकरण केंद्रात फोन केला, आणि मग मला म्हणाले, "तुझ्या मायला सांग, उद्या किटली घेऊन ये म्हनावं. समद्यांनी या."

सकाळी वस्तीच्या बायका एकत्रच निघाल्या. कुणी ठरवलं होतं असं नाही, पण एकीनं दुसरीच्या दाराशी थांबायचं, ती तिसरीच्या, असं करत ओढ्यापाशी सगळ्या जमल्या. मीही सोबत गेले. संस्थेवर गावच्या बायकांची रांग आधीच लागली होती. आमच्या बायका तिच्या शेवटी उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर तिथल्या माणसानं मायच्या किटलीचं झाकण काढलं, नमुना घेतला, फॅट बघितला आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं. त्यानं मान वर केली नाही. मायनं रिकामी किटली घेतली आणि मागचीला जागा दिली.

परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं, कुणीतरी दूध बंद होतं त्या दिवसांबद्दल बोलेल. पण छावणीत चाऱ्यासाठी उसाचे वाढे, हिरवे शेंडे, येणार आहेत अशी बातमी होती, आणि ते आणायला दुपारी कुणी कुणी जायचं, भारा कुणाच्या डोक्यावर द्यायचा, यावरच ओढा ओलांडेपर्यंत बोलणं चाललं होतं. मायनं माझं नाव त्यात धरलं होतं. मी दुपारची गाडी सोडली आणि त्यांच्यासोबत वाढे आणायला गेले.